रतनवाडी पाहावी पाण्याच्या वाटेने

रतनवाडीला जाणारे बहुतेक पर्यटक ठिकाणांची यादी घेऊन निघतात. भंडारदरा धरण, अमृतेश्वर, रतनगड, सांदण दरी, घाटघरचा कडा अशी नावे एका कागदावर लिहिलेली असतात आणि दिवसभर गाडीतून चढत-उतरत त्यांच्यापुढे खुणा केल्या जातात. त्या यादीतले एकही नाव चुकीचे नाही. मात्र ही सारी ठिकाणे एकाच गोष्टीने एकमेकांना बांधलेली आहेत, आणि ती गोष्ट यादीत कुठेच येत नाही. ती म्हणजे सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर पडणारा आणि तिथून दोन दिशांना वाटून जाणारा पाऊस. पाणी कुठे पडते, कुठे अडते आणि कोणत्या बाजूला वळते एवढे ध्यानात ठेवून हा परिसर पाहिला, तर दोन दिवसांत तो नीट समजतो. तसा तो कसा पाहावा, हे येथे सांगितले आहे.

नकाशा मनात कसा बसवावा

रतनवाडी हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाचे गाव. गावाभोवतालचा प्रदेश एका मोठ्या परातीसारखा आहे असे समजावे. परातीची उत्तरेकडची कड म्हणजे कळसूबाईपासून अलंग, मदन आणि कुलंग या दुर्गांपर्यंत पसरलेली रांग. पश्चिमेकडची कड म्हणजे घाटघर आणि साम्रद या गावांच्या पलीकडे तुटलेली सह्याद्रीची धार, जिच्यापलीकडे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका खाली पसरलेला दिसतो. दक्षिणेला रतनगड आणि कात्राबाईचा डोंगर उभा आहे. चौथी बाजू, म्हणजे पूर्व, तेवढी उघडी आहे, आणि प्रवरा नदी याच फटीतून बाहेर पडते. धरण बांधणाऱ्या अभियंत्यांच्या नजरेला ही फट पडली नसती तरच नवल. शेंडी गावाजवळ १९१० साली सुरू झालेले धरणाचे काम १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याला तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव देण्यात आले. आज आपण पाहतो तो सुमारे अकरा अब्ज घनफूट क्षमतेचा जलाशय त्या भिंतीमागे साठलेला आहे. रतनवाडी त्याच्या वरच्या टोकाला, नदी जलाशयाला मिळते तिथे वसलेली आहे. सारांश, शेंडीत धरणाची भिंत, रतनवाडीत जलाशयाचे शेपूट आणि रतनगडावर नदीचा उगम, अशी ही सरळ साखळी आहे.

ही परात ज्या दगडाची घडलेली आहे तोही ओळखीचा करून घ्यावा. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून बनले. त्या थरांतील काही कठीण, तर काही भुसभुशीत आहेत. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याचा उतार होतो आणि त्यावर झाडी वाढते. म्हणूनच येथील प्रत्येक डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. खाली जंगलाचा पदर, वर काळा कातळ, पुन्हा गवताची माची आणि पुन्हा कातळ. रतनगडाच्या चढणीवर शिड्या नेमक्या कुठे येतात, याचे उत्तर या रचनेत आहे. जिथे कठीण थर आडवा येतो, तिथे पायवाट संपते आणि शिडी लागते.

आता दुभाजकाची रेषा. साम्रदच्या परिसरात उभे राहिले असता पायाखालची जमीन फारशी चढउताराची वाटत नाही. तरीही तेथील एका ओहोळाचे पाणी पूर्वेला वळून प्रवरेला मिळते, आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या ओहोळाचे पाणी सांदणच्या भेगेतून कोकणात कोसळते. पहिले पाणी अकोले, संगमनेर, नेवासे असा सुमारे २०० किलोमीटरांचा प्रवास करून प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. दुसऱ्याला अरबी समुद्र गाठायला त्या मानाने हाकेचेच अंतर आहे. एखाद्या जाणत्या गावकऱ्याला बरोबर घेऊन ही रेषा प्रत्यक्ष पाहून घ्यावी. हे ठिकाण कोणत्याही फलकावर दाखवलेले नाही, आणि माझ्या मते या परिसरात पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

कोणत्या महिन्यात जावे

या प्रश्नाचे उत्तर आपल्याला काय पाहायचे आहे यावर अवलंबून आहे, कारण एकाच फेरीत सर्व काही दिसत नाही. घाटघर आणि रतनवाडी ही राज्यातील अतिशय पावसाच्या ठिकाणांत मोडतात. भरल्या मोसमात येथे चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर याच तालुक्याच्या पूर्व भागातील शेतकरी काही शे मिलिमीटरांवर वर्ष काढतो. जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत कड्यांवरून असंख्य धबधबे उतरतात, रस्त्यावर धुके पसरते आणि जलाशय भरत जातो. हा काळ गाडीरस्त्याने फिरण्याचा आणि मंदिर पाहण्याचा आहे. रतनगडाच्या वाटेवर ओढे पुन्हा पुन्हा ओलांडावे लागतात आणि शिड्या निसरड्या होतात, त्यामुळे ऐन पावसात गड न चढणेच शहाणपणाचे. सांदणमध्ये तर या काळात पाऊलही ठेवू नये. ती दरी हा पाण्याचा रस्ता आहे, आणि माथ्यावर पडलेली एक जोरदार सर खालच्या माणसाला पळायला जागा ठेवत नाही.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाऊस ओसरू लागतो. उतारांवर सोनकीची पिवळी फुले पसरतात आणि खाचरांत भात पोटऱ्यात येतो. ज्यांना छायाचित्रे काढायची आहेत त्यांनी हेच आठवडे निवडावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा गड आणि सांदण या दोन्हींसाठी सर्वांत योग्य काळ. मात्र तेव्हा रात्री कडाक्याची थंडी पडते, आणि ‘महाराष्ट्रात कसली आली थंडी’ असे म्हणून पातळ चादर घेऊन येणाऱ्यांची पहाट शेकोटीजवळ उकिडवे बसून उजाडते. मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापते, ओढे आटतात आणि गडावर पाणी वाहून न्यावे लागते.

मेच्या अखेरीपासून मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापर्यंत, काजव्यांचा हंगाम असतो. वळवाच्या सरींनी हवेत ओल आली की हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर, सादडा अशा झाडांवर हजारो काजवे बसतात आणि संपूर्ण झाड एका लयीत उजळते, विझते, पुन्हा उजळते. हा प्रकाश म्हणजे नराची मादीला घातलेली साद असते. त्या काळोखात आपल्या विजेरीचा झोत पडला की ती साद मादीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे विजेरी, भ्रमणध्वनीचा उजेड आणि गाडीचे दिवे बंद ठेवावेत, झाडाखाली जाऊन फांदी हलवू नये आणि काजवे बाटलीत भरू नयेत. या पंधरवड्यातील शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात आणि त्यांच्या उजेडात काजवे शोधावे लागतात. शक्य असल्यास मधल्या वारी जावे आणि अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. मुतखेल, कोलटेंभे, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद या साऱ्याच गावांच्या परिसरात काजवे दिसतात, त्यामुळे सर्वांनी एकाच झाडाखाली गर्दी करण्याचे काही कारण नाही.

पोहोचण्याची वाट

मुंबईहून आणि पुण्याहून अंतर जवळपास सारखेच, पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटरांच्या घरात आहे. मुंबईकरांनी आग्रा महामार्गाने कसारा घाट चढून इगतपुरीवरून घोटी गाठावी, तेथे महामार्ग सोडावा आणि बारीमार्गे शेंडीला यावे. रेल्वेने येणाऱ्यांना इगतपुरी स्थानक सोयीचे आहे. पुणेकरांना नाशिक महामार्गाने संगमनेर, तेथून अकोले, राजूर आणि शेंडी असा रस्ता आहे. एस.टी.च्या गाड्या शेंडीपर्यंत मिळतात. त्यापुढे जलाशयाच्या काठाने सुमारे वीस किलोमीटरांवर असलेल्या रतनवाडीसाठी फेऱ्या मोजक्याच असल्याने शेंडीतून जीप ठरवावी लागते. धरण भरलेले असताना शेंडीहून रतनवाडीकडे नावेने जाता येते का, याची चौकशी धरणाजवळच करावी. नाव मिळाली तर रस्त्याचा मोह सोडावा, कारण नदीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, तिच्या उगमाकडे पाण्यावरून जाण्याचा तो एकमेव मार्ग आहे.

इंधन आणि रोख रक्कम यांची तजवीज घोटी किंवा राजूर येथेच करून घ्यावी. भ्रमणध्वनीची सेवा जलाशयाच्या पलीकडच्या गावांत भरवशाची नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि घरी ‘उद्या संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही’ असे सांगून निघावे. हा सगळा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. वन विभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती जपून ठेवावी. दारूच्या बाटल्या आणि मोठ्या आवाजाचे ध्वनिवर्धक तेथेच अडवले जातात, आणि ते योग्यच आहे.

पहिला दिवस: भिंतीपासून मंदिरापर्यंत

पहिल्या दिवशी घाई करू नये. सकाळी शेंडीत पोहोचल्यावर धरणाची भिंत पाहावी. पावसाळ्यात पाणी सोडलेले असेल तर भिंतीच्या पायथ्याशी गोलाकार खडकावरून छत्रीसारखे पसरणारे पाणी दिसते, त्यालाच ‘अंब्रेला फॉल’ म्हणतात. राजूरच्या रस्त्यावर काही किलोमीटरांवर रंधा धबधबा आहे, जिथे प्रवरा सुमारे १७० फुटांवरून एका अरुंद घळीत झेपावते. या दोन्ही ठिकाणांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. त्यांचे पाणी आभाळावर जितके अवलंबून आहे, तितकेच धरणातून होणाऱ्या विसर्गावरही आहे. त्यामुळे कोरड्या दिवसात आलेल्या माणसाने ‘धबधबा कुठे आहे’ असे विचारण्यापेक्षा विसर्ग चालू आहे का, असे विचारावे. इथून सुटलेले पाणी निळवंडे धरणावरून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून कालव्यांनी संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी या भागांतील उसापर्यंत पोहोचते. प्रवरेच्या खोऱ्यातील सहकारी साखर कारखानदारी ज्या पाण्यावर उभी राहिली, ते पाणी मोठ्या प्रमाणावर या परातीत पडलेल्या पावसाचे आहे. ज्या गावांच्या डोक्यावर हा पाऊस पडतो, त्यांच्या वाट्याला मात्र पावसाळ्यानंतर फारसे पाणी उरत नाही, हे गावात राहिल्यावर आपोआप लक्षात येते.

शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे असे दक्षिण काठाने पुढे गेल्यावर रतनवाडी येते आणि गावालगतच अमृतेश्वराचे मंदिर दिसते. येथे किमान दोन तास राखून ठेवावेत. अनेकजण मंदिराला ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतात, पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, आणि हे मंदिर त्याच्या आधीचे आहे. परंपरेने ते उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील झंझ राजाशी जोडले जाते. त्याने बारा शिवालये बांधल्याचा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटात येतो, आणि ही बारा शिवालये सह्याद्रीतील नद्यांच्या उगमांपाशी होती अशी श्रद्धा या भागात रुजलेली आहे. झंझ दहाव्या शतकाच्या आरंभीचा, तर आज उभ्या असलेल्या मंदिराची घडण अकराव्या शतकाच्या जवळची, १०६० मधील अंबरनाथच्या मंदिराशी नाते सांगणारी वाटते. कोणते मत बरोबर हा वाद तज्ज्ञांवर सोपवला, तरी नदीच्या पहिल्या वळणावर शिवाचे मंदिर असावे, ही कल्पना पाहणाऱ्याला पटते.

मंदिर पाहताना आधी बाहेरून प्रदक्षिणा घालावी आणि शिखराकडे नजर ठेवावी. पायथ्यापासून टोकापर्यंत सलग चढत गेलेले नक्षीचे पट्टे आणि त्यांच्यामधल्या जागेत ओळीने रचलेली छोटी-छोटी शिखरे दिसतील. डोंगराच्या अंगावर डोंगर उगवावेत तशी ही रचना आहे. मग आत जावे आणि खांबांवरील कोरीवकाम सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात पाहावे, कारण दुपारी डोळ्यांना फक्त काळोख दिसतो. भर पावसाळ्यात गर्भगृहात पाणी साठते आणि पिंडी त्यात बुडून जाते. अशा वेळी आत उतरण्याचा हट्ट धरू नये. मंदिरापासून थोड्याच अंतरावर पायऱ्यांची दगडी पुष्करणी आहे. तिच्या भिंतींतील देवकोष्ठांत विष्णूच्या मूर्ती आहेत. शिवाच्या दारातले हे विष्णूचे पाणी पाहायला अर्धे लोक विसरतात. पुष्करणीत पाय बुडवू नयेत आणि कोरलेल्या दगडांवर चढून छायाचित्रे काढू नयेत. हे संरक्षित स्मारक आहे, आणि मुख्य म्हणजे गावाचे चालते देवस्थान आहे.

अमृताचे नाव येथे का आले, याची कथा गावात ऐकायला मिळते. समुद्रमंथनानंतर राहूने कपटाने अमृत प्यायले, विष्णूने त्याचा गळा कापला, आणि त्या गळ्यातून वाहिलेल्या अमृताची नदी झाली. ती ही प्रवरा, म्हणून तिला अमृतवाहिनीही म्हणतात. नदीच्या खालच्या अंगाचे राहुरी हे नावही लोक याच कथेशी जोडतात. रात्री मुक्कामाच्या घरी ही गोष्ट विचारावी. प्रत्येक घरात तिची एखादी कड वेगळी निघते.

दुसरा दिवस: रतनगड

गडाची उंची सुमारे १२९७ मीटर आहे, आणि जलाशयाच्या पातळीपासून धरले तर साधारण साडेपाचशे मीटर चढावे लागते. नेहमी चालणाऱ्याला वर पोहोचायला तीन तास पुरतात, नवख्याला चार लागतात. पहाटे सहाला निघावे. वाटेचा पहिला टप्पा नदीच्या काठाने, बराचसा सपाटीचा आहे. पात्र आलटून-पालटून ओलांडावे लागते, आणि ज्या प्रवरेवर शेंडीला एवढी प्रचंड भिंत उभी आहे तीच प्रवरा येथे दोन ढांगांत पार करता येते. पुढे दाट झाडी लागते. जंगलात एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडे, पुढे हरिश्चंद्रगडाच्या दिशेने फुटते. धुके असताना नेमकी येथेच चूक होते, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने गावातला वाटाड्या अवश्य घ्यावा. या रानात शेकरू आहे. फांद्यांच्या बेचक्यात काटक्यांचे मोठे घरटे दिसले तर थांबून वर पाहावे. गप्पा मारत चालणाऱ्या घोळक्याला ते कधीच दिसत नाही.

झाडी संपताच कातळ येतो आणि लोखंडी शिड्या लागतात. एका वेळी एकानेच चढावे, पाठीवरची पिशवी घट्ट बांधावी आणि हातात पाण्याची बाटली किंवा भ्रमणध्वनी धरू नये. माकडांना खाऊ दाखवण्याची ही जागा नव्हे. शिड्यांनंतर गणेश दरवाजा येतो. गडाला गणेश, हनुमान, कोकण आणि त्र्यंबक असे चार दरवाजे आहेत. वरच्या गुहांपैकी एकीत रत्नादेवीचे स्थान आहे आणि दुसरीत मुक्काम करता येतो. गडाला आणि गावाला नाव या देवीवरूनच मिळाले असे मानतात. पुढे राणीचा हुडा म्हणून ओळखला जाणारा बुरुजाचा अवशेष, कातळात खोदलेली टाकी आणि प्रवरेचा उगम म्हणून पूजली जाणारी जागा लागते. उगम पाहायला आलेल्यांची बहुधा निराशा होते, कारण येथे धबाबा वाहणारे काहीच नसते. कातळातून पाझरणारे थोडेसे पाणी असते, इतकेच. आदल्या दिवशी धरण पाहून आलेल्याला मात्र हे थोडेसे पाणी पुष्कळ काही सांगते. टाक्यांतील पाणी प्यायचे झाल्यास कोणते टाके पिण्याचे ते वाटाड्याला विचारावे, आणि तरीही प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी खालून न्यावे.

गडाच्या सर्वांत उंच भागात नेढे आहे. सुईला जसे नेढे असते तसे कातळाला आरपार पडलेले हे भोक. पण सुईच्या नेढ्यात दोरा मावतो, येथे अख्खी पंगत बसू शकते. कठीण थरांमधला मऊ दगड वाऱ्या-पावसाने झिजून ते तयार झाले आहे. त्याच्या आत सतत वारा घोंघावत असतो, म्हणून टोप्या आधीच काढून ठेवाव्यात आणि काठावर उभे राहून पाठ दरीकडे करू नये. नेढ्यातून आणि आसपासच्या माथ्यावरून आपण मनात बसवलेली परात प्रत्यक्ष पाहायला मिळते. एका अंगाला जलाशयाचे फाटे, उत्तरेला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंगची रांग, दक्षिणेकडे कात्राबाई आणि आजोबाचा डोंगर, हवा स्वच्छ असल्यास दूरवर हरिश्चंद्रगड, आणि पश्चिमेला सरळ तुटलेले कोकण. येथे अर्धा तास बसून कोणता ओढा कोणत्या बाजूला जातो ते बोटाने दाखवत एकमेकांना सांगावे. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना हा खेळ फार आवडतो.

उतरताना आल्या वाटेने रतनवाडीला यावे, किंवा दमदार मंडळींनी त्र्यंबक दरवाज्यातून साम्रदला उतरावे. दरवाज्याखालच्या कातळकोरीव पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत. पुढची वाट खुटा नावाच्या सुळक्याला वळसा घालून रानातून साम्रदला पोहोचते. ही वाट निवडणाऱ्यांनी गाडी साम्रदला मागवून ठेवावी आणि ओल्या दगडावर ती मुळीच निवडू नये.

साम्रद आणि सांदणची भेग

साम्रद गावातून पंधरा-वीस मिनिटे चालले की जमीन अचानक उघडते आणि आपण एका भेगेत उतरतो. दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फुटांच्या सरळ भिंती, रुंदी काही ठिकाणी दोन माणसे शेजारी चालू शकतील एवढीच, आणि पायाखाली शिळांचा खच. सांदण दरी सुमारे दोन किलोमीटर लांब आहे. कातळातील भेगेच्या रेषेत पाण्याने युगानुयुगे आपली वाट कोरली आणि तिची दरी झाली. तळाशी पाण्याचे दोन डोह लागतात. पहिला सहसा किरकोळ असतो, दुसरा हंगामानुसार कंबरेपर्यंत किंवा छातीपर्यंत येतो आणि हिवाळ्यात त्याचे पाणी हाडे गोठवते. सुके कपडे, पायाची पकड घट्ट ठेवणारे बूट आणि भ्रमणध्वनीसाठी पाणी न शिरणारी पिशवी एवढी तयारी पुरे.

पुढे कातळाचे टप्पे येतात, जे दोराशिवाय उतरता येत नाहीत. साध्या पर्यटकाने तेथून मागे फिरावे. संपूर्ण दरी उतरून कोकणात डेहणे गावाकडे जाणे किंवा करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढून येणे हा प्रशिक्षित लोकांबरोबर करण्याचा, पूर्ण दिवसाचा किंवा त्याहून अधिक वेळाचा बेत आहे. त्यासाठी दोर, शिरस्त्राण आणि हा मार्ग आधी केलेला म्होरक्या हवा. शिळांवर उड्या मारू नयेत. वरून दगड पडण्याचा धोका सदैव असतो, म्हणून भिंतीला टेकून विसावा घेऊ नये आणि वर काठावर असलेल्यांनी दरीत काहीही फेकू नये. आभाळ भरून आलेले दिसताच, महिना कोणताही असो, बाहेर पडावे.

ज्यांच्याकडे आणखी एखादा दिवस आहे त्यांनी कळसूबाईसाठी बारी गावात मुक्काम हलवावा. रतनवाडीतून जाऊन-येऊन शिखर करण्याचा आटापिटा करू नये.

गावात राहताना

रतनवाडी, साम्रद आणि आसपासच्या गावांत प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. येथील माणसाशी बोलताना त्यांचे नाव निघाले की गप्पांचा सूर बदलतो. गावात अनेक घरांनी पाहुण्यांची सोय केलेली आहे. आधी फोन करून माणसे आणि जेवणाची वेळ कळवावी, कारण आयत्या वेळी दहा जणांचा स्वयंपाक शहरातल्या हॉटेललाही जमत नाही. नागलीची भाकरी, पिठले, ठेचा, वरणभात, आणि सांगितल्यास गावरान कोंबडी, असा बेत असतो. भात इथल्याच खाचरातला असेल तर तो कोणत्या वाणाचा आहे ते विचारावे. काळभात, रायभोग अशी नावे कानावर पडतील. देशी बियाणांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, त्यामुळे बियाणे हा विषय येथे जिव्हाळ्याचा आहे.

जूनच्या आधी राब भाजलेल्या, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळलेल्या, काळ्या पट्ट्या आणि जुलैत आवणीच्या, म्हणजे भात लावणीच्या, ओळी दिसतात. छायाचित्रासाठी खाचराच्या बांधावर उतरताना विचारून उतरावे. बांध फुटला तर खाचरातले पाणी जाते आणि शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. वाटाड्याचे मानधन आधी ठरवावे आणि ठरल्यापेक्षा कमी देऊ नये. उन्हाळ्यात अंगणांत बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, वाळत घातलेला असतो, त्यावरून गाडी नेऊ नये. प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेष्टने आपल्याबरोबर परत न्यावीत. या गावांत कचरा उचलणारी गाडी येत नाही, आणि येथे टाकलेली वस्तू पहिल्याच पावसात एक तर प्रवरेतून धरणात जाते किंवा सांदणमधून कोकणात.

परतीची फेरी

परतताना आलेल्या रस्त्याने जाऊ नये. साम्रदहून घाटघर, उडदावणे, पांजरे असा जलाशयाच्या उत्तर काठाने शेंडीला येणारा रस्ता धरावा, म्हणजे संपूर्ण परातीची फेरी पूर्ण होते. घाटघरला कोकणकड्यापाशी थांबावे. येथे निसर्गाच्या दुभाजकावर माणसानेही आपला खेळ मांडलेला आहे. वर घाटघरला एक जलाशय आणि खाली कोकणात दुसरा, अशी २५० मेगावॉट क्षमतेची जलविद्युत योजना डोंगराच्या पोटात चालते. विजेची मागणी वाढली की वरचे पाणी खाली सोडून वीज निर्माण करायची आणि मागणी कमी झाली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचे, अशी तिची रीत आहे.

कड्यावर वाऱ्याचा जोर असतो आणि कठडा सर्वत्र नाही, म्हणून काठापासून चार पावले मागे राहावे. पावसाळ्यात खालून वर येणारा वारा धबधब्याचे तुषार उलटे आपल्या अंगावर आणतो, तेव्हा छत्री निरुपयोगी ठरते आणि रेनकोटच लागतो. सूर्यास्त पाहून निघणार असाल तर शेंडीपर्यंतचा रस्ता काळोखात, वळणावळणाचा आणि गुरे बसलेला असतो हे लक्षात घेऊन तेवढा जादा वेळ हाताशी ठेवावा, आणि घोटीचा महामार्ग लागेपर्यंत गाडी सावकाश हाकावी.